भुजंगरावाचा दहावा

धुमाळ गुरुजींना कुणी "काय गुरुजी, बरं आहे ना?" असं विचारलं, की ते स्वतःच्या तब्येतीबद्दल बोलतच नसत. "पहिल्या भागाचं विचारता की दुसऱ्या?" असं उलट विचारत. नवखा माणूस बिचारा त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राही. गुरुजींचा पहिला भाग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, ते त्याला कळत नसे.

हे भाग पुस्तकाचे होते. गुरुजींनी उभ्या आयुष्यात दोन पुस्तकं लिहिली. पहिलं 'डोंगरातला भुजंगराव' आणि दुसरं 'भुजंगरावाचे पुढे काय झाले'. दोन्ही पोरांसाठी, म्हणजे अगदी बाळगोपाळांसाठी नव्हे, तर ज्यांना मिसरूड फुटायला लागलंय आणि जे आईबापांचं ऐकेनासे झालेत, त्यांच्यासाठी. भुजंगराव हा आग ओकणारा, पंखांचा, घोरपडीच्या कातडीचा एक प्रचंड प्राणी. इंग्रजी शिकलेले लोक त्याला ड्रॅगन म्हणतात. गुरुजींना तो शब्द आवडत नसे. "ड्रॅगन परक्याचा," ते म्हणत. "आपला तो भुजंगराव."

मी पासलीच्या शाळेत हजर झालो तेव्हा एस.टी. वेल्ह्यापर्यंतच जायची. पुढे डोक्यावर वळकटी घेऊन पायी. घामाघूम होऊन शाळेच्या पडवीत टेकलो, तर समोरून पांढरी टोपी, खादीचा सदरा आणि दोन्ही हातांना खडू लागलेला एक उंच माणूस आला. मला वाटलं, पाणी विचारतील. त्यांनी विचारलं, "मास्तर, आग ओकणाऱ्याला पडसं होऊ शकतं का?"

मी म्हणालो, "होत असेल."

"मग शिंकल्यावर काय होईल?"

"गवत पेटेल."

"शाबास!" असं म्हणून ते आत गेले आणि लिहीत बसले. पाणी मला शेजारच्या घरातून हौसाबाईने आणून दिलं. शाळेत आम्ही दोघेच शिक्षक, ते मुख्य आणि मी हाताखालचा. त्या दिवसापासून माझी खरी नेमणूक कशावर झाली आहे ते मला कळून चुकलं.

हा भुजंगराव त्यांना सापडला एका किटलीवर. त्यांचे कुणी मामा मुंबईला गोदीत होते, त्यांनी एक चिनी मातीची चहाची किटली आणून दिली होती. झाकण कधीच फुटलेलं. किटलीच्या पोटाला वेटोळं घालून एक नक्षीचा प्राणी बसलेला, त्याचं तोंड बरोबर तोटीपाशी. चहा ओतला की वाफ त्याच्याच तोंडातून निघाल्यासारखी दिसे. गुरुजी रोज सकाळी त्या वाफेकडे बघत आणि चहा गार करत. गार चहा पिऊन पिऊन मला त्या प्राण्याचा पहिल्याच महिन्यात राग आला.

पण पहिला भाग झकास होता, हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणेन. कारण गुरुजींनी त्या अजस्र प्राण्याला काम लावलं होतं. आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या आधी जमिनीच्या तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून तो भाजतात. त्याला राब म्हणतात. हे काम उन्हाळ्यातलं, अंगाची लाही करणारं. पुस्तकातला भुजंगराव तोरण्याच्या मागच्या घळीत राहतो आणि दरवर्षी उन्हाळ्यात खाली उतरून सगळ्या गावाचे राब एका फुंकरीत भाजून देतो. बदल्यात त्याला तांदळाची भाकरी लागते. ती देणारी बाई कोण, तर हौसाबाई. गुरुजींनी तिला नावासकट, कपाळावरच्या गोंदणासकट पुस्तकात घातली होती. आणि त्याच्याशी मैत्री करते ती ठकू नावाची पंधरा वर्षांची पोर. ती त्याला मामा म्हणते. बाकीच्या पोरी मामाच्या गावाला जातात, हिचा मामाच उडत हिच्या गावाला येतो.

पुस्तक छापलं भोरच्या एका छापखान्याने. तिथे मुख्यतः लग्नपत्रिका निघत. चित्रासाठी ठसा पाहिजे म्हटल्यावर मालक आप्पा म्हणाले, "गणपती आहे, कलश आहे, मोर आहे. काय घेता?" गुरुजींनी मोर घेतला. आप्पांनी मोराच्या चोचीत हाताने दात काढून दिले आणि पायाशी थोडा जाळ काढला. त्यामुळे भोरात बऱ्याच जणांनी ते पुस्तक मोर भाजण्याविषयी आहे असं समजून विकतच घेतलं नाही. गुरुजींना त्याचं काही वाटलं नाही. "भोर काय म्हणतं याला महत्त्व नाही," ते म्हणाले. "पासली काय म्हणते ते बघायचं."

पासलीत वाचणारे थोडे, ऐकणारे सगळे. अमावस्येला बैल जुंपत नाहीत, म्हणून पुस्तकाचं वाचन अमावस्येला दुपारी देवळात होई. एका अमावस्येला एकच प्रकरण, जास्त मागितलं तरी नाही. अवस जवळ आली की माणसं चंद्राकडे बघून "आता भुजंगराव यायचा" म्हणत. पोलीस पाटील बाबूराव खांबाला टेकून बसत. हौसाबाई पुढे, अगदी गुरुजींच्या गुडघ्याला गुडघा लावून. ती पहिल्या भागात होती, त्यामुळे तिच्याकडे पुस्तकाची मालकी आपोआप आली होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण मत यायचं. आणि ते ती प्रकरण संपायच्या आत द्यायची.

"गुर्जी, एवढ्या मोठ्या जनावराला एकच भाकर? मला बदनाम करता व्हय? चार तरी लिवा."

गुरुजी तिथल्या तिथे चार लिहीत. कुणी नुसतं "लई भारी" म्हटलं तर ते तोंड फिरवत. "उणं काय ते सांगा आधी," म्हणत. "ज्याला उणं दिसत नाही, त्याच्या चांगल्यावर माझा विश्वास नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं, की मुलांना शुद्धलेखनाला घालावं असं मनात येई.

दुसऱ्या भागाला त्यांनी बरीच वर्षं घेतली. तोवर त्यांचे गुडघे धरले होते. याचा थेट परिणाम असा झाला, की दुसऱ्या भागात भुजंगराव फारसा उडतच नाही. तो दम खात खात चालतो. एका ठिकाणी तर वेल्ह्याच्या थांब्यावर बसून राहतो आणि कंडक्टर त्याला घेत नाही, कारण "पंखांचं लगेज होईल". हा प्रसंग मला फार आवडला होता. ठकूही मोठी झालेली. तिला आता मामाचं कौतुक उरलेलं नाही, उलट चारचौघांत त्याची लाज वाटते. मामा चुलीपाशी खोकतो आणि भांडी काळी होतात, म्हणून ती त्याच्यावर ओरडते आणि मग परसात जाऊन रडते. अशा वयातल्या पोरीचं मन इतकं नेमकं पकडणारा तो साठीकडे झुकलेला माणूस मी रोज बघत होतो, तरी मला ते खरं वाटत नसे.

पण उणंही होतं. मोठं उणं म्हणजे राजा. कुठल्याशा राजाला आपल्या फौजेत आग ओकणारा प्राणी हवा असतो, म्हणून तो भुजंगरावाला दरबारात बोलावतो. एवढ्यावर भागलं असतं. पण गुरुजी त्या दरबारात शिरले आणि बाहेर निघेचनात. मानकरी, त्यांची नावं, त्यांच्या पगड्या, पानसुपारीचा क्रम, कुणी कुणाच्या उजव्या हाताला बसायचं. त्या दरबारात आम्ही चार अमावस्या बसून होतो. बाबूराव पाटील घोरायला लागले. शिवाय दर प्रकरणाच्या सुरुवातीला "वाचकांना स्मरत असेलच" म्हणून पहिल्या भागाची अख्खी गोष्ट पुन्हा. आम्हांला स्मरत होतीच. हौसाबाई तर पहिला भाग झोपेतही म्हणत असे.

हे सगळं, बरं आणि उणं, मी गुरुजींना तोंडावर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, किटलीतला गार चहा माझ्यापुढे ओतला आणि म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात मास्तर. तुमचं बरोबर असेल. पण हौसाबाईंचं ऐकू या."

मग ती अमावस्या आली. वैशाखातली. देवळात शेवटचं प्रकरण. डोंगराला वणवा लागलाय आणि वारा गावाच्या दिशेने आहे. ठकू घळीपाशी जाऊन हाका मारते. म्हातारा भुजंगराव बाहेर येतो. जन्मभर त्याने आग बाहेर टाकलेली, आता तो तोंड उघडतो आणि वणवा आत ओढायला लागतो. झाडाझाडाचा जाळ गिळतो. गावाच्या वरच्या बांधापाशी शेवटची ज्वाळा गिळून तो कुशीवर होतो. ठकू त्याच्या पंखावर डोकं ठेवते. पंख अजून गरम असतो, आणि हळूहळू गार होत जातो.

गुरुजींनी पुस्तक मिटलं. बाबूराव जागे होते आणि मुंडाशाच्या शेवाने डोळे पुसत होते. गुरुजींनी हौसाबाईकडे पाहिलं. परीक्षेचा निकाल बघणाऱ्या पोराचं तोंड असतं ना, तसं त्यांचं झालं होतं.

हौसाबाई म्हणाली, "पानी?"

"कसलं पाणी?"

"मरताना त्येच्या तोंडात पानी कुनी घातलं?"

गुरुजींनी पानं मागेपुढे केली. "ते... लिहिलेलं नाही, हौसाबाई."

"लिवलं न्हाई म्हंजी घातलं न्हाई."

"अहो, आग गिळली त्याने. पाणी घातलं असतं तर वाफ झाली असती."

"व्हऊ द्यायची वाफ!" ती ताडकन उठली. "एवढा गावचा वणवा गिळला, अन् तान्हेला धाडलात त्येला? म्या काय मेले व्हते का त्या पुस्तकात? हाक मारायची मला! तांब्या घिऊन पळत आले असते!"

"हौसाबाई, पण एकंदरीत भाग कसा..."

"मेंगाईची आन घिऊन सांगते, ह्या दुसऱ्या भागाबद्दल म्या आता एक शबुद बोलनार न्हाई. बरा न्हाई, वाईट न्हाई." आणि ती पदर खोचून निघून गेली.

मेंगाई म्हणजे त्या मुलखाची देवी. तिची आण कुणी खेळ म्हणून घेत नसे. गुरुजी पुस्तक मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. ज्या एका माणसाचं मत त्यांना हवं होतं, ते त्या दुपारी कायमचं कुलपात गेलं.

दुसऱ्या दिवशी गावात सुतक पाळलं गेलं. हे मी थट्टेने सांगत नाही. बाबूराव पाटलांच्या पुतणीचा साखरपुडा ठरला होता, तो पुढे ढकलला गेला. मी विचारलं, "पाटील, पुस्तकातल्या प्राण्याचं सुतक?" ते म्हणाले, "मास्तर, ठकूचा मामा त्यो. अन् ठकू आमची." घोटाळा असा होता, की गुरुजींनी पुस्तकात ठकूचं आडनाव दिलं नव्हतं. त्यामुळे गावातल्या प्रत्येक भावकीने ती आपलीच मानली होती. मग वाद निघाला, की मामाचं सुतक दहा दिवस नसतं. त्यावर एकाने सांगितलं, की मामा परगावचा असला तर नसतं, हा इथेच राहून इथेच भाकरी खात होता, म्हणजे घरातलाच. हे सगळ्यांना पटलं. कुणाच्याही घरी कढई चढली नाही.

दहाव्या दिवशी गावाखालच्या ओढ्यावर दहावा. आता पिंड द्यायचे कुणी? भुजंगरावाला मूलबाळ नाही. पाटलांनी निवाडा केला, "ज्येनं जल्माला घातला, त्येनंच धाडायचा." म्हणजे गुरुजी. मला वाटलं, आता तरी ते हसतील, नाही म्हणतील. ते निमूटपणे दगडावर बसले आणि न्हाव्यापुढे डोकं केलं. आपणच निर्माण केलेल्या एका कागदी प्राण्यासाठी मुंडण करून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

पिंड मांडले. मयताला आवडणारं ठेवायचं म्हणून हौसाबाईने तांदळाची भाकरी ठेवली आणि कुणी तरी शेजारी फुललेला निखारा ठेवला, कारण पहिल्या भागात भुजंगराव निखारे सुपारीसारखे चघळतो. सगळे मागे सरले. उंबरावर कावळा होता. तो काही खाली येईना.

"विच्छा राह्यलीय," बाबूराव म्हणाले.

मी हळूच म्हणालो, "निखारा आहे शेजारी. कावळा येईल कसा?"

"मास्तर, तुमचं शास्तर शाळंत."

एकेकाने पुढे होऊन काही काही कबूल केलं. कुणी म्हणालं, "ठकूला सांभाळू." कुणी म्हणालं, "घळीत कुनाला लाकूडतोड करू देनार न्हाई." कावळा ढिम्म. ऊन चढलं. हौसाबाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. शेवटी गुरुजी, ते नवं कोरं टक्कल घेऊन, हात जोडून पुढे झाले.

"भुजंगराव," ते म्हणाले, "चुकलं माझं. पाणी पाजायला पाहिजे होतं. पाजतो."

हौसाबाईने तांब्या पुढे केला. गुरुजींनी पिंडाभोवती धार धरली. कावळा उतरला आणि भाकरीचा मोठा तुकडा घेऊन गेला. गाव आंघोळीला गेलं. पाण्याच्या धारेने निखाराही विझला होता, हे माझ्याखेरीज कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही, आणि मीही ते बोललो नाही. त्यांच्या शास्त्रात माझं शास्त्र घालायची ती वेळ नव्हती.

"पाजतो" म्हणाले ते गुरुजींनी शब्दशः खरं केलं. नवी आवृत्ती काढायची ऐपत नव्हती. मग त्यांनी टाक आणि दौत घेतली आणि ज्यांनी ज्यांनी दुसरा भाग विकत घेतला होता, त्यांच्या घरोघर जाऊ लागले. शेवटच्या पानाच्या समासात स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहीत: 'इतक्यात हौसाबाई धावत आली आणि तिने भुजंगरावाच्या मुखात पाणी घातले. वाफ झाली.' वाफेवरचा हट्ट त्यांनी सोडला नाही. पासली झाली, वेल्हे झालं, उत्रोली झाली. दुखरे गुडघे घेऊन ते आंबवड्यापर्यंत गेले. मी रविवारी त्यांच्याबरोबर असे. आंबवड्याला एक सद्गृहस्थ म्हणाले, "माझ्या पुस्तकात तुम्ही लिहायचं नाही. ते मी विकत घेतलेलं आहे."

"अहो, पण तुमच्या पुस्तकात तो तहानलेला मरतोय!"

"मरू दे. मी अजून तिथवर पोचलो नाही. राजाच्या दरबारात आहे."

गुरुजी अंगणात बसून राहिले. गृहस्थ जेवले, झोपले, उठले. संध्याकाळी त्यांच्या बायकोने पुस्तक हळूच बाहेर आणून दिलं आणि म्हणाली, "लिहा पटकन. हे गोठ्यात गेलेत."

हे ऐकल्यावर हौसाबाई विरघळेल असं आम्हांला वाटलं होतं. मी तिला ते समासातलं वाक्य वाचून दाखवलं. तिने ते दोनदा म्हणायला लावलं, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "झ्याक."

गुरुजी पडवीतून पुढे आले. "मग आता सांगा. दुसरा भाग कसा वाटला?"

"पानी पाजलंत, लई पुन्याचं काम केलंत. बाकीचं न्हाई बोलनार. आन हाय."

"नुसतं हो किंवा नाही?"

"औंदा आंब्याला मोहर बरा हाय," हौसाबाई म्हणाली.

त्यानंतर कित्येक वर्षं हेच चाललं. ते विचारत, ती मोहराचं, म्हशीचं, पावसाचं सांगे. गुरुजींनी युक्त्याही करून पाहिल्या. "समजा, आवडला असेल तर डोक्यावर पदर घ्या." तिचा पदर जन्मापासून डोक्यावरच होता. "समजा, नसेल आवडला तर चहा देऊ नका." ती गुळाचा चहा देई, पण तो ती सगळ्यांनाच देई, शेळी चुकली म्हणून शोधायला आलेल्यालाही. मी एकदा चिडून म्हणालो, "गुरुजी, अख्ख्या गावाने सुतक धरलं, तुमचं डोकं भादरलं. यापेक्षा पुस्तक चांगलं असल्याचा आणखी काय पुरावा पाहिजे?"

"तो भुजंगरावाचा मान झाला, मास्तर," ते म्हणाले. "मी पुस्तकाचं विचारतोय."

या माणसापुढे डोकं आपटावं असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, ते बरोबरच होते. माणूस गेल्यावर लोक रडले म्हणून त्याचं चरित्र चांगलं ठरत नाही.

निवृत्त झाल्यावर गुरुजी भोरजवळच्या उत्रोलीला, आपल्या घरी राहायला आले. माझीही बदली भोरला झाली होती. तिसरा भाग लिहा, असं त्यांना पुष्कळ जण सांगत. ते म्हणत, "दुसऱ्याचा निकाल लागल्याशिवाय तिसरीत कसा बसू?" त्यांचं माझं अखेरचं हिंडणं भोरच्या एस.टी. थांब्यावरचं. वेल्ह्याच्या गाडीत खिडकीशी हौसाबाई बसलेली त्यांना दिसली. लेकीकडून परत चालली होती. गुरुजी गर्दीतून काठी टेकत खिडकीखाली गेले. गाडी घरघरत होती.

"हौसाबाई! आता आपण दोघंही पिकलो. सांगून टाका!"

तिने खिडकीतून हात काढून त्यांच्या टोपीवरची धूळ झटकली. "गुर्जी, लई वाळलात. भाकर खाता का न्हाई टायमाला?" कंडक्टरने घंटी मारली. गुरुजी गाडीबरोबर चार पावलं गेले आणि थांबले. धुराने माखून परत आले तेव्हा मला म्हणाले, "बघा, डोळे भरले होते तिचे. म्हणजे आवडला असेल का?" मी म्हणालो, "आवडलाच होता." ते म्हणाले, "तुमचं नका सांगू."

त्याच वर्षी, भात कापणीला आलं होतं तेव्हा, ते गेले. झोपेतच. मला फार वाईट वाटलं, आणि आजही किटलीत चहा दिसला की वाटतं.

दहावा भोरला नीरेच्या काठी झाला. मुलगा दत्ता पुण्याहून आला होता. पिंड मांडले, शेजारी भात, भाकरी आणि ती बिनझाकणाची किटली, चहाने भरलेली. सगळे मागे सरलो. झाडावर कावळे होते, पण एकही हलेना. दत्ता हात जोडून म्हणाला, "दादा, आईला अंतर देणार नाही." काही नाही. "घराचं राहिलेलं काम पुरं करीन." काही नाही. मी पुढे झालो. "गुरुजी, दुसऱ्या भागाची नवी आवृत्ती काढू. पाण्याचं वाक्य छापून." सगळ्यात पुढच्या कावळ्याने माझ्याकडे पाठ केली. किटलीतला चहा गार झाला. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. खरा शिवला नाही तर तोच शिववून मोकळं व्हायचं, असा रिवाज.

इतक्यात वरून बाबूराव पाटलांची हाक आली, "थांबा, थांबा!" एस.टी. वाटेत बंद पडली म्हणून त्यांना उशीर झाला होता. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हौसाबाई एकेक पायरी उतरत होती. ती थेट पिंडापाशी जाऊन उभी राहिली. मग झाडाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली,

"गुर्जी, म्या हौसा. मेंगाई मला माफ करंल. तुमचा दुसरा भाग चांगला व्हता. पयल्यापरीस चांगला व्हता. म्या तवा घरी जाऊन लई रडले."

दत्ताला हुंदका फुटला. पुढचा कावळा फांदीवरून खाली आला. पिंडापासून हातभर अंतरावर बसला, मान तिरकी केली आणि हौसाबाईकडे बघत राहिला. पुढे सरकेना. ती तिरकी मान मी ओळखली. गार चहा पुढे सारून, खडूचे हात मांडीवर ठेवून, तो माणूस कितीतरी वर्षं माझ्यापुढे अशीच मान करून बसत होता.

"हौसाबाई," मी म्हणालो, "उणं सांगा. त्यांना उणं ऐकायचंय."

तिने एकदा माझ्याकडे, एकदा कावळ्याकडे पाहिलं. पदर खोचला.

"पर त्यो मेला राजा कशाला घातला व्हता? चार अवसा वाया घालवल्या आमच्या! अन् पाटील घोरत व्हते!"

कावळा टुणकन पुढे आला, पिंडाला चोच लावली, भाकरीचा तुकडा उचलला आणि नीरेवरून उडत पलीकडे गेला.

बाबूराव म्हणाले, "म्या घोरत नव्हतो."

"घोरत व्हता," हौसाबाई म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून तोंडाला पदर लावून रडायला लागली.